सावरदऱ्याची तिसरी ओळ

हे लिहिणार नव्हतो. दोनदा फाईल उघडली, दोन-चार ओळी टाइप केल्या आणि उडवून टाकल्या. कारण ह्यात चूक माझी आहे. लोकांचं मी दिवसभर टाइप करतो, पण स्वतःची चूक टाइप करायला बोटं वळत नाहीत.

राहुरी स्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. आधारकार्डाच्या झेरॉक्स, लग्नपत्रिका, विद्यापीठातल्या पोरांचे प्रबंध. मराठी टायपिंग मला कुणी शिकवलं नाही. बारावी अर्धी सोडली, कीबोर्डवर बसलो, तो बसलोच.

तर त्या दिवशी तात्या दुकानात त्यांच्या पुस्तकाचं प्रूफ वाचत होते. एकशे बारावं पान. लाल पेन कानावर. मी दुसऱ्या गिऱ्हाईकाची पत्रिका लावत होतो.

"कल्यान."

"हां तात्या."

"ह्ये येसनाक कुठनं आलं?"

माझा हात माऊसवरच राहिला.

तात्या म्हणजे श्रीमंत ढाकणे. वय त्र्याहत्तर. एसटीत कंडक्टर होते, जामखेड डेपोला, मग शेवगावला. आता राहुरीत लेकीकडं राहतात. आणि जिल्ह्यातल्या निम्म्या गावांत कुठल्या पारावर, कुठल्या बारवेत, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत लिहिलेला दगड आहे हे ह्या माणसाला पाठ आहे. कसं? तर मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन थांबायची, सकाळी सातला परत निघायची. ड्रायव्हर घोरत पडायचा. तात्या उजाडल्या उजाडल्या पाण्याची बाटली आणि दाढीचा ब्रश घेऊन गावातले दगड धूत फिरायचे. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षर उठून दिसतं, दुपारी तेच अक्षर झोपतं, हे त्यांना कुठल्या कॉलेजात कळलं नव्हतं. दगडानंच शिकवलं, म्हणतात.

एकोणीस डायऱ्या भरल्यात. पुस्तक हे पहिलंच.

नगरला इतिहासाचं काही असलं की तात्या जातात, मागच्या खुर्चीवर बसतात. एकदा मी सोबत होतो. एक प्राध्यापक हसत म्हणाले, "काय कंडक्टरसाहेब, आज कुठला स्टॉप?" तात्या म्हणाले, "तुमी जिथं उतरला न्हाईत तो." आजूबाजूचे हसले. तात्या हसले नाहीत. चष्मा पुसत बसले. घरी येईपर्यंत गाडीत पाय हलवत होते.

हा माणूस अंदाज लिहीत नाही. सगळ्या पुस्तकात जिथं अक्षर लागलं नाही तिथं टिंबं आहेत. मी एकदा म्हणालो, "तात्या, एवढी टिंबं बघून लोक हसतील." ते म्हणाले, "हसू दे. खोटं वाचून रडण्यापरीस बरं."

आणि आता त्यांच्या पानावर, टिंबांच्या जागी, एक नाव होतं. त्यांनी न लिहिलेलं.

सावरदरा हे खर्ड्याच्या पलीकडचं छोटं गाव. तिथल्या विहिरीजवळच्या दगडावर चार ओळी आहेत. तात्यांच्या चौऱ्याण्णवच्या डायरीत त्या अशा उतरवल्यात. पहिली, श्री शके आणि साल. दुसरी, विहीर सिद्ध केली. तिसरी, नुसती टिंबं, आणि समोर बारीक अक्षरात: 'शेवाळ निघेना, गाडीची वेळ झाली'. चौथी, याचे हाते.

म्हणजे विहीर कुणाच्या हातानं झाली, तेवढंच नेमकं नाही.

आता अँड्र्यूचं सांगतो. अँड्र्यू माझा पाचवीपासूनचा दोस्त. कोल्हारला राहतो, वायरमन आहे. त्याची पणजी मरियाआज्जी, नव्वदीच्या पुढची. डोळे गेलेत, कान शाबूत. त्यांचं मूळ गाव सावरदरा. मोठ्या दुष्काळात तिच्या आज्याची माणसं तिथून चालत नगरला आली, मिशनच्या लोकांनी खायला घातलं, पुढं ख्रिस्ती झाली, तेव्हापासून प्रवरेच्या काठाला. पण आज्जी एक गोष्ट सोडत नाही. मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकलीय. "सावरदऱ्याची हीर आमच्या येसनाकानं खांदली. खांदली आमी आन् पानी पिलं दुसऱ्यानं. आमाला वंजळ धरून उभं ऱ्हावं लागायचं. पर दगडाव नाव हाय म्हनत्यात त्याचं."

हे पान टाइप करताना गावाचं नाव दिसलं आणि मी अँड्र्यूला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. स्क्रीनकडं बघत राहिला.

"ही टिंबं काय आहेत?"

"वाचता आलं नाही तात्यांना."

"च्यायला," तो म्हणाला. "नेमकं तेवढंच?" मग थोड्या वेळानं, "आज्जीचं आता काय खरं नाही रे. गेल्या महिन्यापासून जेवण पण नाही धड."

एवढंच बोलला. मागितलं काही नाही. गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टिंबं खोडून तिथं 'येसनाक' टाइप केलं. एकच पान प्रिंट काढलं, चांगल्या कागदावर. अँड्र्यूला म्हणालो, तात्यांना जुन्या डायरीत सापडलं. तो माझ्या गळ्यातच पडला. मी ठरवलं होतं, लगेच परत टिंबं टाकायची. पण फाईल सेव्ह झालेली होती, तेवढ्यात लाईट गेली, मग दोन गिऱ्हाइकं आली, मग राहिलंच. सगळं पुस्तक तसंच प्रूफला निघालं.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. खाली बघून. पत्रिकेवाला गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून ऐकत होता, त्याला म्हणालो, उद्या या.

मला वाटलं तात्या पानं तोंडावर फेकतील. ते उठले, दारात जाऊन उभे राहिले, परत येऊन बसले. परत उठले.

"आज्जीनं काय केलं मग?"

"फ्रेम केली. चर्चमध्ये पाळकबाबांनी वाचून दाखवलं रविवारी. सगळे आमेन म्हणाले."

"अरं देवा," तात्या म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि जे बोलले ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं. "माझं त्वांड न्हाई तुला शिव्या द्यायचं. त्या दगडाचा म्हसोबा मी केलाय."

"काय?"

"पंच्यान्नव साल. रस्त्याचं काम निघालं. मोरीला दगड पायजे हुते, मुकादमानं त्यो दगड हेरून ठिवला. म्या लई सांगितलं, बाबा त्याच्याव लिवल्यालं हाय. त्यो म्हनला, लिवल्यालं वाचून मोरी हुती व्हय? मग म्या खर्ड्यातनं शेंदूर आनला, तेल आनलं. सकाळी पॅशिंजर गाडीत बसल्यात, ड्रायव्हर हॉरन मारतोय, आन् म्या दगडाला शेंदूर फासतोय. ह्या हातानं. तिसरी वळ वाचायची ऱ्हायली हुती तरी फासला. म्हनलं, काम सरलं की महिन्याभरानं धुऊन काढू."

"मग?"

"मग बदली झाली शेवगावला. आठ महिन्यांनी गेलो तर वर पत्र्याचं शेड. दोन बकरी कापून झाल्याली. आता कुनाच्या देवाला हात लावनार? तीस वर्सं झाली. थरावर थर. आत अक्षर हाय आन् भाईर मी." त्यांनी लाल पेन टेबलावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. "उद्या दुकान बंद ठिव. जाऊ."

"जाऊन काय करायचं?"

"खरं सांगायचं तिथं. आन् म्हनायचं, एवढं खरडू द्या."

सकाळी सहाला निघालो. तात्यांना एसटीनंच जायचं होतं. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तात्या तरी कंडक्टरला "नगर दोन" म्हणाले. कंडक्टर पोरगेला होता. त्यानं मशीनवर बोट दाबलं, ह्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तात्यांनी तिकीट उलटसुलट करून बघितलं. "शाई टिकत न्हाई ह्याची," म्हणाले. नगरला गाडी बदलली, जामखेडला बदलली. पुढं सावरदऱ्याची मुक्कामी गाडी कोरोनापासून बंदच आहे. खर्ड्याचा किल्ला मागं टाकून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये सोळा माणसांत बसून गेलो. अख्ख्या रस्त्यात तात्या मनात काहीतरी जुळवत होते. ओठ हलत होते. मध्येच माझा गुडघा धरून म्हणाले, "पयलं नमस्कार करायचा का पयलं सांगायचं?"

मला काय माहीत.  वाटत होतं, मार खातोय आज आपण.

विहीर आहे अजून. वर जाळी, आत मोटर. बाजूला शेड, फरशी, घंटा. आणि मध्ये तो. लालभडक, गोलसर, चांदीचे डोळे बसवलेला. दगड आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. शेडमध्ये एक बाई झाडत होती. साठीची असेल. तिचं नाव कडूबाई, हे नंतर कळलं. दिवाबत्ती तीच बघते.

तात्यांनी चप्पल काढली. नमस्कार केला. मग टोपी हातात घेऊन एका दमात सगळं सांगून टाकलं. जीपमध्ये जुळवलेलं त्यातलं काहीच आलं नाही. नुसतं मी कंडक्टर हुतो, मी शेंदूर लावला, ह्यो म्हसोबा न्हाई, माझी चूक झाली, असं.

कडूबाईनं केरसुणी आपटली. धूळ झाडली.

"म्हाइतीय की," ती म्हणाली.

"काय म्हाइतीय?"

"माज्या सासऱ्यानं बघितलं हुतं तुमाला. त्यो हिरीव दात घाशीत बसल्याला. घरी यिऊन सांगितलं त्यानं, खाकी कपड्यातला मानूस दगडाला शेंदूर लावून गाडीत बसून गेला."

"मग कुनाला बोलला न्हाई त्यो?"

"बोलला की. सगळ्या गावाला बोलला. म्हनला, सरकारी मानसानं लावलाय म्हंजी वरनंच काय तरी आर्डर आसंल. दगडाला हात लावू नगा."

मला हसू फुटलं. आवरलं नाही. तात्या मात्र तसेच उभे. तीस वर्षं जो माणूस ह्या गावाकडं पाठ करून होता, त्याची चोरी गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

"मग पूजा कशापायी करता?" तात्यांनी विचारलं.

"तुमी लावला म्हनून न्हाई करत. माजी ल्येक तापानं फनफनली हुती, तवा हितंच बसल्ते मी चार दिस. आता त्यो हाय. तुमचा असल दगड, माजा द्येव हाय. बसा, च्या टाकते."

चहा घेताना तात्यांनी खरडायचं विचारलं. तिनं कानाला हात लावला. "तोंडावचं कवच आपुन काडायचं नसतं. त्येनं टाकलं की टाकलं. मागच्या आषाढात टाकलं की त्येनं."

तात्यांची बशी कलली. चहा धोतरावर सांडला.

"मागच्या आषाढात? सगळं?"

"सगळं. एवढा जाड थर, खापरावानी सुटून पडला. नदीत सोडून आलो वाजत गाजत. मग मी त्येला आंगूळ घातली, दही-दुदानं. आन् लगीच नवा शेंदूर. उघडा ठिवायचा नसतो ना."

"फोटो? कुनी मोबाईलात...?"

"उघड्या देवाचा फोटू काडत्यात व्हय?"

तात्या उठले. विहिरीपर्यंत गेले, परत आले. तीस वर्षांत एक सकाळ तो दगड मोकळा होता, आणि हे तेव्हा राहुरीत माझ्या दुकानात माझी टायपिंगची चूक दुरुस्त करत बसले असतील. मला त्यांच्याकडं बघवेना. ते परत येऊन बसले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. हळू झाला. डायरी काढली.

"तुमाला वाचता येतं का, बाई?"

"न्हाई वो."

"आंगूळ हातानं घातली?"

"हातानंच. मग?"

"हाताला काय काय लागलं?"

तिनं डोळे मिटले. हवेत हात फिरवला, वरून खाली. "वर खोल खोल हुतं. बोट बसायचं आत. त्येच्याखाली बी तसंच. मग येक पट्टा आल्ता आडवा, त्ये न्यारं हुतं. मग खाली परत खोल."

"पट्टा झिजल्याला लागला?"

मी मध्येच म्हणालो, "फोडलेला होता का?" तात्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली. "तिच्या त्वांडात घालू नगं."

कडूबाई विचार करत होती. "झिजल्यालं गुळगुळीत लागतंय. आमच्या पायऱ्या हायेत तशा. ह्ये टोचत हुतं. जात्याला टाकी लावल्यावानी. बारीक बारीक टवके, जवळ जवळ."

"त्या पट्ट्यातच? वर-खाली न्हाई?"

"पट्ट्यातच. सरळ रेघंत. मी म्हनलं बी सुनंला, ह्याला हितं कुनी मारलंय गं?"

तात्यांनी आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या बाजूनं. ती दोनदा तेच बोलली. मग त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं, वय विचारलं.

"माजं नाव कशाला?"

"पुस्तकात घालायचं. तुमी वाचलं न्हवं का."

"मी?" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवो, मला येस्टीची पाटी वाचता येत न्हाई."

निघताना तात्यांनी माझा नंबर तिच्या सुनेच्या मोबाईलमध्ये घालायला लावला. परत कवच सुटलं तर शेंदूर लावायच्या आधी फोन करायचा. कडूबाई म्हणाली, करू. तीस वर्सं लागत्यात म्हणा. तात्या म्हणाले, लागू द्या.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी मला मोबाईलवर टाइप करायला लावलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे: 'तिसरी ओळ छिन्नीने उडवलेली आहे. नाव कोणाचे, उडवले कोणी, कधी, हे सांगता येत नाही. आधार: कडूबाई भगवान सानप, वय अंदाजे साठ, यांच्या हाताची साक्ष. सदर लेखावर शेंदूर प्रस्तुत लेखकाने लावला. त्यामुळे लेख वाचला, आणि वाचायचा राहिला.'

"हे शेवटचं छापायचं?" मी विचारलं. "ते प्राध्यापक काय म्हणतील? बाईच्या हाताचा आधार म्हणून?"

"त्यांनी हात लावून यावं."

दुसऱ्या दिवशी कोल्हारला गेलो. तात्या म्हणाले, मी येतो, पण बोलायचं तू. अँड्र्यू दारात उभा होता, हसत. आज्जी खाटेवर. डोक्यावरच्या भिंतीला क्रूस, आणि त्याच्या शेजारी माझं पान. सोनेरी फ्रेममध्ये.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. अँड्र्यूच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही एवढं आठवतं.

 आज्जीनं मान तात्यांच्या बाजूला वळवली. "ह्ये कोन आल्यात?"

"मी श्रीमंत, माय. कंडक्टर."

"मग तुमी काय वाचलं?"

"तिसरी वळ छिन्नीनं उडवलीय, माय. कुनाचं नाव हुतं न्हाई सांगता येत."

"उडवलीय?"

"व्हय."

"म्हंजी हुतं."

"हुतं. कुनाचं तरी हुतं. तेवढंच लिवतोय मी. येसनाक न्हाई लिवता येत मला. तुमी सांगता त्ये मागच्या पानाव लिवतो, तुमच्या नावानं. पर दगडाव हाय म्हनून न्हाई लिवता येत."

मला वाटलं आज्जी रडेल. तिचा हात गोधडीवर चाचपत फिरत होता. "कसं कळलं, उडवलीय म्हनून?"

"हाताला टोचतंय."

"आजून?"

"आजून."

"मग त्येबी लिवा," आज्जी म्हणाली. "टोचतंय म्हनून लिवा." आणि अँड्र्यूला म्हणाली, "आतला कागुद काड. काच ऱ्हाऊ दे. दुसरा आनतील ह्ये."

अँड्र्यूनं स्टूल घेतलं, फ्रेम उतरवली, मागच्या चुका पक्कडीनं वाकवल्या, कागद काढला आणि फ्रेम परत टांगली. क्रूसाशेजारी नुसता पिवळा पुठ्ठा दिसत होता, काचेमागं.

तात्या आज्जीजवळ बसले, तिचं ऐकून डायरीत लिहायला लागले. मी बाहेर आलो. अँड्र्यू मागून आला. घडी केलेला कागद माझ्या हातात दिला.

"घे. तुझा आहे."

"अँड्र्या..."

"तू मला सांगितलं असतंस ना, की खोटं आहे पण आज्जीसाठी करू, तर मी पण हो म्हणालो असतो कदाचित. दोघं मिळून खोटं बोललो असतो. तू मला पण गिऱ्हाईक केलंस."

मी कागद खिशात घातला. 

"आणि चर्चचं काय? सगळी मंडळी आमेन म्हणालीय. लोक मला रस्त्यात थांबवून हात मिळवतात, येसनाकाचा वारस म्हणून. त्यांना काय सांगू मी?"

"तू नको सांगू. रविवारी मी येतो. मीच सांगतो."

"येशील. मागच्या बाकावर बसशील आणि फोन आल्यासारखं करून निघून जाशील. ओळखतो मी तुला."

"फोन दुकानातच ठेवून येईन."

"आणि?"

"पुढं उभा राहीन. पाळकबाबांशेजारी. नाव घेऊन सांगीन, की हे मी केलं. आणि सगळ्यांचे प्रश्न संपेपर्यंत तिथून हलणार नाही."



"साडेनऊला भक्ती सुरू होते," तो म्हणाला.

"नऊला येतो," मी म्हणालो.